ट्रॅकच्या आधी वेग मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधल्या सात-आठ सोसायट्यांनी मिळून एक गट केला आहे. शाळा जवळ आहे, पाचवी-सहावीच्या पुढची मुलं सायकलने सहज जाऊ शकतील एवढ्याच अंतरावर. पण मुख्य रस्त्याचा सिग्नल चुकवायला आतून शॉर्टकट मारणाऱ्या गाड्या इतक्या जोरात जातात की पालकांची मुलांना एकटं सोडायची हिंमत होत नाही. तुम्ही सायकल ट्रॅक मागणारी दोन निवेदनं दिलीत, आणि 'रस्ता अरुंद आहे, जागा नाही' असं उत्तर आलं. आता रॅली काढावी, सह्या गोळा कराव्यात की आणखी काही करावं?

मी बरीच वर्षं रस्त्यांच्या आराखड्यांचं काम करतो, आणि त्यातला मोठा भाग नागरिकांच्या गटांबरोबरच गेला आहे. त्या अनुभवावरून सरळ सांगतो: आतल्या रस्त्यासाठी सायकल ट्रॅक मागणं थांबवा. गाड्यांचा वेग कमी करून मागा. 'जागा नाही' हे उत्तर ट्रॅकच्या मागणीला देता येतं. वेग कमी करायला जागा लागतच नाही, उलट रस्ता जितका अरुंद तितकं ते काम सोपं. नऊ-दहा मीटर रुंदीच्या रस्त्यावर गाड्या पंचवीस-तीसच्या वेगाने जात असतील, तर सायकल त्यांच्याबरोबर नीट जाते. वेगळा ट्रॅक लागतो तो कर्वे रस्ता, पौड रस्ता असल्या रस्त्यांना, जिथे वेगही जास्त आणि बस-ट्रकही सतत. ती मागणी जरूर करा, पण ती शहरभराच्या संस्थांबरोबर मिळून करायची मागणी आहे. तुमच्या गल्लीचा प्रश्न तिच्यासाठी अडकवून ठेवू नका.

वेगाचा हिशेब पालकसभेत फळ्यावर मांडून दाखवण्यासारखा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते, ३० ने जाणारी सव्वाआठ मीटर. समोर मूल आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. ३० ची गाडी हा सेकंद आणि ब्रेक लागल्यानंतरचं पाचेक मीटर अंतर धरून तेरा-साडेतेरा मीटरवर उभी राहते. ५० च्या गाडीचा त्याच जागी अजून ब्रेकही लागलेला नसतो, ती पूर्ण वेगात असते. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आणि चांगल्या टायरचा आहे, पहिल्या पावसातला नव्हे. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रस्ते सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेत निघालेल्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही, चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र असतात तिथे ३० ची मर्यादा असावी, असंच म्हटलं आहे.

आपल्याकडचा कायदा याच्या फार मागे आहे. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी मोटारींना ७० आणि दुचाकींना ६० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य सरकारला, किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला, सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या भागात किंवा रस्त्यावर यापेक्षा कमी मर्यादा ठरवता येते. म्हणजे '३० चा भाग' मागायला कायद्यात वाट आहे. फक्त पाटीवर समाधान मानू नका. रस्ता सरळ, रुंद आणि गुळगुळीत असेल तर गाडी रस्त्याच्या म्हणण्याप्रमाणे धावते, पाटीच्या नाही.

आतल्या रस्त्यासाठी ट्रॅक नको असं मी म्हणतो त्यामागे पुण्याचा अनुभव आहे. हे कधीकाळी सायकलींचं शहर होतं हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ट्रॅकवर खर्चही कमी झालेला नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू झाली, त्या सुमारास केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेच्या निधीतून बऱ्याच मोठ्या रस्त्यांच्या कडेला ट्रॅक झाले. त्यांचं पुढे काय झालं ते सातारा रस्त्याने सायकल चालवून बघितलं की कळतं. मधेच झाड, मधेच विजेच्या डीपीचा बॉक्स, बसथांब्याशी ट्रॅक गायब, प्रत्येक सोसायटीच्या गेटसमोर चढ-उतार, उखडलेले पेव्हिंग ब्लॉक, आणि उरलेल्या जागेत दुचाकी लावलेल्या. सगळ्यात वाईट म्हणजे ट्रॅक चौकाच्या अलीकडेच संपतो. सायकलवाल्याला खरा धोका चौकात असतो आणि नेमकं तिथेच त्याला गाड्यांच्या घोळक्यात सोडून दिलं जातं. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचं जाळं दाखवलं आहे. अभ्यास करून केलेला, चांगला दस्तावेज आहे तो. तुमच्या भागातला कोणता रस्ता त्यात आहे ते आधी नकाशात शोधा, कारण 'तुम्हीच मंजूर केलेल्या आराखड्यात हा रस्ता आहे' हे वाक्य निवेदनात फार वजनदार ठरतं. २०१६ चं पादचारी धोरण आणि त्याच वर्षीची रस्ते आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वंही हाताशी ठेवा. पुण्यात कागद भरपूर आहेत. कागदावरचं डांबरात उतरवायला नागरिकांचा रेटा लागतो.

आता मोजणी. निवेदनात 'गाड्या भरधाव जातात' असं लिहिलं की ते इतर शंभर निवेदनांसारखं फायलीत जातं. त्याऐवजी आकडा द्या, आणि तो मिळवायला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या सरळ भागात, टेपने मोजून, ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा मारा. दोन्ही रेघा दिसतील अशा गच्चीवरून किंवा गॅलरीतून मोबाइलवर चित्रीकरण करा आणि नंतर निवांत बसून वेळ काढा. हातातल्या स्टॉपवॉचने पाव सेकंदाची चूक सहज होते, आणि वेगाच्या हिशेबात पाव सेकंद फार असतो. हे अंतर सहा सेकंदांत कापणारी गाडी ३० ने जाते, साडेचार सेकंदांत कापणारी ४० ने, आणि ३.६ सेकंदांत कापणारी ५० ने. समोर मोकळा रस्ता असलेल्या गाड्याच घ्या, रांगेत अडकलेल्या सोडून द्या. शंभर गाड्या झाल्या की त्या वेगाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. वरून पंधरावी गाडी ज्या वेगाने गेली तो आकडा पत्रात लिहा. अभियंते त्याला ८५ वा पर्सेंटाइल म्हणतात आणि रस्त्याचा विचार त्याच आकड्यावर करतात. सरासरी सांगितलीत तर ती कमीच दिसेल. चित्रीकरणातले चेहरे आणि नंबरप्लेट कुणाला पाठवू नका. तुम्हाला रस्ता बदलून हवा आहे, शेजाऱ्याला पकडायचं नाही.

त्याच वेळी सायकली मोजा, आणि सकाळी सहाला सुरुवात करा. बहुतेक गट आठ वाजता उभे राहतात, शाळेची मुलं मोजतात आणि 'आमच्याकडे सायकल चालवतंच कोण' असा निष्कर्ष काढून घरी जातात. सहा ते सातच्या दरम्यान पेपरवाले, दूधवाले, रात्रपाळी संपवून निघालेले सिक्युरिटी गार्ड आणि कामाला येणाऱ्या बायका दिसतील. या शहरात रोज सायकल चालवणारी माणसं ती आहेत, आणि सायकलच्या मोहिमेत त्यांना कुणी बोलावत नाही. मला हे मनापासून खटकतं. त्यांना हेल्मेट वाटायला जाऊ नका. त्यांना विचारा की भीती कुठे वाटते, कोणत्या कोपऱ्यावर उतरून सायकल हातात धरून चालावं लागतं. तेच शाळेच्या रिक्षावाल्या काकांना आणि व्हॅनवाल्या काकांना विचारा. कुठे अपघात होता होता वाचला हे त्यांना पोलिसांच्या नोंदीपेक्षा जास्त माहीत असतं. पोलिसांच्या कागदावर फक्त झालेला अपघात येतो, तोही तक्रार झाली तर. ही ठिकाणं एका नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवा. अशा नकाशात ठिपके रस्ताभर पसरलेले मी क्वचितच पाहिले आहेत. बहुतेक वेळा ते दोन-तीन कोपऱ्यांवर गोळा झालेले असतात, आणि तिथेच तुमची मागणी सुरू होते.

त्यातल्या एका कोपऱ्यावर जाऊन उभे राहा आणि वळणाऱ्या गाड्यांची फक्त मागची चाकं बघा. बांधकामाच्या ठिकाणी काँक्रीट नेणारा मिक्सर डावीकडे वळतो, तेव्हा पुढची चाकं रस्त्याच्या मधून जातात. मागची चाकं मात्र कोपरा कापून, पदपथाच्या कडेला घासत येतात. डाव्या कडेने जाणारा सायकलवाला नेमका तिथे असतो. चालकाची केबिन त्याच्या पुढे निघून गेलेली असते, त्यामुळे चालकाला तो दिसत नाही. मागची बाजू आपल्या अंगावर येते आहे हे सायकलवाल्याला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून अवजड वाहनांना शाळेच्या वेळेत बंदी ही तुमची पहिली मागणी ठेवा. ती वाहतूक पोलिसांच्या अधिकारात आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

मिक्सर गेल्यावर मोटारींकडे बघा. आपल्याकडे कोपऱ्याचा कर्ब, म्हणजे पदपथाची कड, मोठ्या गोलाईचा करतात, त्यामुळे मोटार ब्रेक न लावता, वेग न मोडता वळते. हीच गोलाई तीन-चार मीटर त्रिज्येची केली तर मोटारीला जवळजवळ थांबूनच वळावं लागतं, आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचं अंतरही काही मीटरनी कमी होतं. एकाच बदलात दोन्ही कामं होतात. मला विचाराल तर आतल्या रस्त्यावर पैशाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोग या बदलाचा होतो, आणि नागरिकांच्या निवेदनात तो जवळपास कधीच नसतो. निवेदनात सगळे स्पीडब्रेकरच मागतात.

स्पीडब्रेकरबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्हाला पहिल्यांदा तोच देऊ करतील. रात्रीत डांबराचा उंच, अरुंद वरवंटा टाकून दिला जातो. मोठी एसयूव्ही त्यावरून फारसा वेग न मोडता जाते, आणि पाठ मोडते ती स्कूटरवर मागे बसलेल्या आजींची. सायकलवाल्याची चेन उतरते ती वेगळीच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ च्या वेगाने तो सहज ओलांडता येतो, त्याहून जोरात गेलं की धक्का बसतो. पत्रात ही मापं लिहाच. शाळेच्या फाटकासमोर यापेक्षा चांगला पर्याय म्हणजे टेबलटॉप, म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच पदपथाच्या पातळीला उचलायचं. मूल खाली उतरत नाही, गाडी वर चढते. असे उंचवटे एकटे-दुकटे उपयोगाचे नाहीत. एक ओलांडला की लोक पुन्हा वेग घेतात, म्हणून साधारण शंभर मीटरवर पुढचा अडथळा हवा. पिवळ्या-काळ्या रबरी पट्ट्या मात्र नको म्हणा. वर्षभरात त्यांचे स्क्रू बाहेर येतात आणि टायर फाटतात.

शॉर्टकटवर औषध एकच आहे: शॉर्टकट बंद करणं. रस्त्याचं एक तोंड खांब लावून मोटारींना बंद करायचं आणि सायकली व चालणारे यांना खुलं ठेवायचं. तिथल्या रहिवाशाची गाडी घरापर्यंत येते, फक्त दुसऱ्या बाजूने. पलीकडे निघून जाणाऱ्याला मात्र आत येण्यात काही फायदा उरत नाही. खांबांमधलं अंतर सायकलला पुरेसं आणि मोटारीला अपुरं ठेवता येतं, पण दुचाकी त्यातून घुसणार. म्हणून खांबांच्या आधी-मागे एक टेबलटॉप हवाच. या उपायाला सर्वांत जास्त विरोध होतो आणि तो सर्वांत परिणामकारकही आहे. लगेच कायमचं मागू नका, काही आठवड्यांचा प्रयोग मागा. वाहतूक पोलीस तात्पुरते आदेश काढून हरकती-सूचना मागवतात, ती पद्धत पुण्यात रुळलेली आहे. प्लास्टिकचे खांब, कोन आणि रंग एवढ्यावर प्रयोग होतो. प्रयोगाआधी आणि प्रयोगात, त्याच वाराला, त्याच वेळी मोजणी करा. हे आकडे तुमच्याकडे नसतील तर निर्णय सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्याच्या बाजूने लागतो.

मागायचं कुणाकडे? पुण्यात साधारणपणे बारा मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि त्यावरचे पथ विभागाकडे असतात. वाहतुकीचे आदेश, म्हणजे एकेरी, नो पार्किंग, अवजड वाहनबंदी, वाहतूक पोलिसांचे. यातल्या एकालाच पत्र दिलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून दोघांना एकच पत्र द्या आणि संयुक्त पाहणीची तारीख मागा. पाहणीला कनिष्ठ अभियंता येईल. तो वाईट माणूस नसतो. त्याच्याकडे प्रभागभराचे खड्डे आणि ड्रेनेजच्या तक्रारी असतात आणि वर साहेबांचा फोन. त्याच्या हातात तक्रार देण्याऐवजी कोपऱ्याचं मापांसह रेखाचित्र द्या, म्हणजे त्याला त्यावरून इस्टिमेट करता येईल. मानकांचा विषय निघालाच तर शांतपणे एवढं सांगा की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ प्रमाणे, आराखडा आणि बांधकामाची मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे धमकी म्हणून सांगू नका. साहेबांकडून मंजुरी आणताना अभियंत्याला त्याचा आधार होतो. पाहणी झाल्यावर काय ठरलं ते त्याच संध्याकाळी लेखी पाठवा. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात त्या पत्रावर काय कार्यवाही झाली ते विचारा, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

विरोध पार्किंगवरून होईल, सायकलवरून नाही. औंधला परिहार चौकाच्या परिसरात रुंद पदपथांचं काम निघालं तेव्हा हेच झालं. २०१८ मध्ये शहराचं पार्किंग धोरण मंजूर झालं आणि विरोधानंतर ते मोजक्या रस्त्यांपुरतं उरलं, तेही याच कारणाने. म्हणून दुकानदारांकडे पहिल्या दिवशीच जा, आराखडा ठरल्यावर नको. त्यांच्या दारातल्या गाड्या किती वेळ उभ्या असतात ते त्यांच्याबरोबर बसून मोजा. बऱ्याचदा दिवसभर अडलेली जागा गिऱ्हाइकाने अडवलेली नसते, दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या गाड्यांनी अडलेली असते. हे त्यांनी स्वतः पाहिलं की बोलणं बदलतं. कोपऱ्यापासून पाच-सहा मीटरपर्यंत पार्किंग नको, एवढ्यावर मात्र तडजोड करू नका. त्या उभ्या गाड्यांमागून येणारं मूल कुणालाच दिसत नाही. 'अँब्युलन्स कशी येणार' हा प्रश्न खरा आहे, त्याला खरं उत्तर द्या. अग्निशामक दलाला आराखडा दाखवा, जमल्यास कोन मांडून त्यांची गाडी वळवून बघा. कोपऱ्यावरचं पार्किंग हटवलं तर लहान गोलाईतूनही बंब वळतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं कुणी नाकारत नाही.

'हे काय हॉलंड आहे का?' हेही ऐकावं लागेल. १९७१ मध्ये हॉलंडसुद्धा आजचं हॉलंड नव्हतं. त्या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' असं नाव घेऊनच आंदोलन उभं राहिलं, आणि रस्ते त्यानंतर बदलले. आणि इतक्या लांब जायचं नसेल तर जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद पदपथ दाखवा. तिथे संध्याकाळी आजी-आजोबा बाकावर बसलेले असतात, आणि रस्त्याला लागून दुकानंही चालू आहेत.

रॅलीचं विचारलंत. काढा, पण रविवारी सकाळी टी-शर्ट घालून नको. रविवारी रस्ता रिकामा असतो, फोटो छान येतो आणि सोमवारी काहीही बदललेलं नसतं. त्याऐवजी शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, पंधरा-वीस मुलं आणि पुढे-मागे दोन-तीन पालक असा सायकलींचा जथा ठरलेल्या रस्त्याने काढा, आणि दर आठवड्याला त्याच दिवशी काढा. मुलं शाळेला पोचतात, चालकांना त्यांची सवय होते, आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला समोर वीस सायकली दिसतात. शाळेची लेखी संमती आणि वाहतूक चौकीला आधी पत्र, एवढं जरूर करा.

आणि वेळापत्रक. पुण्यात रस्तेखोदाईची परवानगी ऑक्टोबर ते एप्रिलअखेर असते, डांबरीकरण त्याच्या मागोमाग होतं. तुमच्या रस्त्याचं डांबरीकरण कधी आहे ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा. त्या टेंडरमध्ये टेबलटॉप आणि कोपऱ्याचा बदल घातला तर खर्चात फारसा फरक पडत नाही, नंतर वेगळं काम काढायचं तर वर्ष जातं. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली कामं घालण्यासाठीचे अर्ज सहसा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतले जातात, झेब्रा, खांब, एखादा टेबलटॉप यासारखी छोटी कामं त्यात बसतात. त्यामुळे मोजणी जून-जुलैत, शाळा स्थिरावल्यावर उरकून घ्या, आणि तिसऱ्या निवेदनात एकच कोपरा आणि एकच फाटक मागा. मोजणीची पत्रकं आणि कोपऱ्याचं चित्र तयार झालं की पाठवा, मापं मी तपासून देईन.